ख्रेस्तुसच्या पावावरची वेलांटी

मी एक जुना शिक्का आहे, मित्रांनो. पण कचेरीतला रुबाबदार नव्हे, रोममधल्या एका भट्टीतला, जन्मभर पिठाने माखलेला. मला कोरलं ते एका घायकुत्या कारागिराने. मालकाचं नाव ख्रेस्तुस, म्हणजे ‘कामाचा माणूस’. कारागिराला ऐकू आलं ‘ख्रिस्तुस’, आणि त्याने बेधडक कोरलं, ‘ख्रिस्तुसचा’. आमच्या लिपीत E च्या जागी I, तुमच्या भाषेत सांगायचं तर मात्रेच्या जागी वेलांटी पडली. मालकाला अक्षराचा गंध नाही! मला उलटसुलट फिरवून म्हणाला, “वा, काय देखणं नाव आहे माझं!”

मालकीण हिलारा हिला मात्र वाचता येत होतं. तिने मला पाहिलं, हसू दाबलं आणि गप्प बसली. कारण ती चोरून ख्रिस्ताच्या मंडळींत प्रार्थनेला जात असे. ते उघडकीस आलं तर जिवावर बेतणार, म्हणून तिने नवऱ्यालाही पत्ता लागू दिला नव्हता.

मग काय विचारता! टायबर नदीपलीकडच्या आमच्या वस्तीतले सगळे छुपे भाविक पावासाठी रांग लावू लागले. “केवढी ही छाती!” असं पुटपुटत, डोळे पुसत पाव न्यायचे. मालक सांगत सुटायचा, “सगळी माझ्या खमिराची करामत!” मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

एके सकाळी कुणीतरी चुगली केली. वोलुम्नियुस नावाचा अंमलदार दोन शिपाई, सम्राटाची छोटी मूर्ती आणि धूपदाणी घेऊन दारात उभा राहिला. त्याने एक पाव उचलून वाचला.

“काय रे, तू ख्रिस्तुसचा का?”

“‘चा’ कसला, सरकार? मीच तो!”

अंमलदार चपापला. “त्याला तर मारलं होतं म्हणतात.”

“मेल्यातच जमा होतो की! गेल्या हिवाळ्यात ताप डोक्यात गेला. तिसऱ्या दिवशी उठलो आणि थेट भट्टी पेटवली. विचारा हिला!”

शिपाई दोन पावलं मागे सरले.

“आणि हे सगळे लोक तुझ्या मागे आहेत?”

“मागे कसले? पाव संपला की अंगावर येतात मेले!”

अंमलदाराने घाम पुसून धूप पुढे केला. “सम्राटांपुढे टाक, म्हणजे तू त्यांच्यातला नाहीस हे कळेल.” मालकाने कोरड्या हाताने मूठभर टाकला, वर भट्टीवाल्यांच्या वेस्तादेवीच्या नावाने आणखी एक मूठ टाकली. भट्टीत धूरच धूर झाला.

“आता बायको,” अंमलदार खोकत म्हणाला.

हिलारा हलली नाही. दोन्ही हात कणकेत, ओठ पांढरेफटक. ती धूप टाकणार नव्हती, आणि न टाकणाऱ्याचं काय होतं ते सगळ्या रोमला ठाऊक होतं. मालकाने तिच्याकडे पाहिलं, मग रांगेतल्या भेदरलेल्या माणसांकडे. त्याला अक्षरं वाचता येत नव्हती. बायकोचा चेहरा येत होता.

“अहो सरकार, काय करताय!” तो एकदम ओरडला. “खमिराच्या हाताने धूप? जुपिटरच्या पुजाऱ्याला खमिराला शिवायचीसुद्धा बंदी, आणि तुम्ही खुद्द सम्राटांना विटाळ करायला निघालात? वरपर्यंत कळलं तर?”

अंमलदाराचा चेहरा पडला. “नको, नको! राहू दे!” मग उगाच आवाज चढवून म्हणाला, “नोंदीत नाव ख्रेस्तुस आहे ना तुझं? मग इथे ‘ख्रि’ कोरलंय, गाढवा! आजच्या आज दुरुस्त कर.” आणि दोन पाव फुकट घेऊन गेला.

मालकाने दार लावून घेतलं.

“कधीपासून?”

“सात वर्षं झाली.”

“आणि मला सांगायचं नाही?”

“अहो, तुम्ही अख्ख्या बाजारात सांगितलं असतं.”

“तेही खरंच,” तो म्हणाला आणि मटकन खाली बसला. मग त्याने सुरी उचलली. पण त्याआधी कणकेच्या एका गोळ्यावर मला नीट दाबलं आणि तो गोळा तिच्याकडे सरकवला. “हा शेवटचा. भाजून तुझ्या माणसांना ने. आणि जाताना आडवाटेने जा, कळलं का?”

नंतर त्याने माझ्या I च्या उभ्या रेघेला तीन आडव्या चिरा पाडल्या, E झाला आणि मी शुद्ध झालो.

मित्रांनो, आता मी फुटलोय, फळीवर पडून असतो. कुणी मला घासूनपुसून नीटनेटकं करायला निघालं तर एवढंच सांगा: मधली चीर वाकडी आहे, ती सरळ करू नका. ती पाडताना ख्रेस्तुसचे डोळे सुरीवर नव्हते, हिलारावर होते.