टॉवेलचं टोक

जन्मदाखल्याच्या फॉर्मवर बाळाचं नाव आधीच टाइप झालेलं होतं. गारलँड स्ट्राउड बॉइकिन. खाली आईच्या सहीपुरती जागा तेवढी कोरी होती.

डेलियाने कागद उलटा करून ट्रेवर ठेवला आणि पुन्हा पाळण्याकडे पाहिलं. बाळ दोन दिवसांचं. डायपर ओला झाला की त्याच्यावरची पिवळी रेघ निळी होते, असं नर्सने सांगितलं होतं. काल संध्याकाळपासून ती रेघ पिवळीच होती. दुपारपर्यंत शू झाली नाही तर आज घरी सोडणार नव्हते. डेलिया दर पाच मिनिटांनी पाहत होती. मधल्या चार मिनिटांत पाहायचं टाळत होती.

“जन्मनोंदणीवाली मिस व्हर्ना कॉरिडॉरमध्येच भेटली, मीच सांगून टाकलं नाव,” तिचा सासरा हॉइट उकडलेल्या शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन म्हणाला. “म्हणते कशी, या आठवड्यातला हा तिसरा गारलँड! बारा वाजता येईल कागद न्यायला.”

नाव ठरलं होतं ते शरद ऋतूत, स्टेडियममध्ये. कॉलेजने अमेरिकन फुटबॉलचा सामना जिंकला, आणि त्या आरडाओरड्यात डेलियाच्या नवऱ्याने, टेटने, बापाला शब्द दिला की मुलगा झाला तर जुन्या कोचचं, गारलँड स्ट्राउडचंच नाव. डेलिया शेजारीच होती. ती नुसती हसली होती. त्या हसण्याला सगळ्यांनी होकार धरलं, आणि तिनेही धरू दिलं.

“पण डॅड, खरा मोठा कोच कोण, हे ठरलंय कुठे?” टेटने बापाला डिवचलं. “कोच पेलने खेळच बदलून टाकला. स्ट्राउडचं आपलं एकच, पळा आणि धडका द्या.”

“पेल?” हॉइटने टरफल थुंकलं. “तो पगार वाढवून मागायचा आणि टीव्हीवर रडायचा. कोच होता एकच. त्याच्या पुतळ्यावर कबुतरं बसतात. रस्त्याला नाव दिलंय, तिथे खड्डे पडलेत. जितंजागतं पोर त्याच्या नावाने हाक मारल्यावर वळून बघेल ना, तो खरा मान! काय ऑरिन, तू तर त्याच्या हाताखाली खेळलास. बोल की.”

ऑरिन, डेलियाचे वडील, खिडकीशी बसले होते. सत्तरीतला माणूस, बोटात अजून ती विजेत्या संघाची जाड अंगठी. ते उठले आणि डेलियाच्या पेल्यात पाणी भरलं. सकाळपासून हे पाचव्यांदा.

“जिंकायचा तो,” ते एवढंच म्हणाले.

“जिंकायचा म्हणे! अरे, तो ऑगस्टचा कॅम्प आठव. ऊन असं की अंडं फुटपाथवर तळून निघावं. दिवसातून दोनदा सराव, हेल्मेट-पॅड चढवून, आणि पाण्याचा थेंब नाही! तीस पोरं रातोरात पळाली. उरली त्यांनीच चषक आणला!”

ही गोष्ट डेलियाने प्रत्येक थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला ऐकली होती, हसली होती. आज ‘थेंब नाही’ या शब्दांवर तिची नजर पुन्हा पिवळ्या रेघेकडे गेली. वडिलांच्या हातातला पाण्याचा जग पेल्यावर तसाच थांबला होता, तेही तिने पाहिलं.

“डॅडी, पाणी का नव्हते देत?”

“मागणाऱ्याला कच्चा समजत.”

“कुणीच मागितलं नाही?”

ऑरिननी जग खाली ठेवला. “लॉनीने मागितलं.”

“त्या पोराचं हृदयच कमजोर होतं,” हॉइट घाईने म्हणाला. “पेपरात आलं होतं.”

“कोचने सांगितलं तेच पेपरात आलं. मी लॉनीच्या शेजारी होतो, हॉइट. माझ्या पॅडखाली ओला टॉवेल होता, चोरून आणलेला. लॉनी म्हणाला, मला नुसतं टोक दे चोखायला. मी म्हटलं, गप, कोच बघतोय.” त्यांनी अंगठी बोटातल्या बोटात फिरवली. “चारला पडला. सहाला गेला.”

हॉइटने त्या अंगठीकडे पाहिलं.

“आणि पन्नास वर्षं ती अंगठी मिरवलीस?”

“काढली असती तर लोकांनी विचारलं असतं, का काढली.”

हॉइट ताडकन उभा राहिला. शेंगा जमिनीवर सांडल्या. “माझा बाप गिरणीत वारला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. ओळख ना पाळख, तरी कोच आला दफनाला. हॅट हातात धरून शेवटपर्यंत मागे उभा राहिला. ते खोटं होतं का?”

“नाही,” ऑरिन म्हणाले. “तेही खरंच.”

दारावर टकटक झाली. मिस व्हर्ना पेन पुढे करूनच आत आली. “काय हो, कुठे आहेत आमचे छोटे कोच? सही झाली का, बाळा?”

टेट बायकोकडे बघत होता. बापाकडे बघायचं त्याने टाळलं. डेलियाने कागद सुलटा केला. पेन कागदाला टेकवलं. आता गप्प राहिले तर पुन्हा होकारच.

“मिस व्हर्ना, हे नाव खोडा.”

“डेलिया!” हॉइट ओरडला.

“मिस्टर हॉइट, तुम्ही त्यांना मोठं म्हणा, मी आडवी येणार नाही. पण ऑगस्टची गोष्ट सांगाल तेव्हा लॉनीसकट सांगा. माझ्या पोराला त्यात ओढू नका.” तिने पाळण्याकडे बोट केलं. “याचं नाव ॲन्सल.”

“ॲन्सल? कुणाचं नाव हे?”

“कुणाचंच नाही. मला आवडलं.”

हॉइटने मुलाकडे पाहिलं. “टेट, तू शब्द दिला होतास.”

टेटने मान खाली घातली. “दिला होता, डॅड. हिला न विचारता दिला होता.” मग मिस व्हर्नाला म्हणाला, “ॲन्सल लिहा, मॅम.”

मिस व्हर्नाने नाव खोडलं, वर नवं लिहिलं, डेलियाची सही घेतली आणि पाय न वाजवता गेली. हॉइटने हॅट उचलली. दारापर्यंत गेला.

डेलिया पाळण्यावर वाकली. चार मिनिटं झाली होती की दहा, तिला कळेना. तिने चादर बाजूला केली.

“निळी झाली,” ती म्हणाली. मग मोठ्याने, “टेट! रेघ निळी झाली!” आणि तिला रडूच फुटलं.

ऑरिननी पाण्याचा पेला तिच्या ओठाला लावला. तिने तो घटाघटा संपवला.

हॉइट अजून दारातच होता, पाठमोरा, हॅट हातात.

“ऑरिन,” तो न वळता म्हणाला, “त्या लॉनीचं आडनाव काय होतं?”

“प्रुइट.”

“प्रुइट,” हॉइट पुटपुटला. मग परत आत आला आणि गुडघे टेकून सांडलेल्या शेंगा वेचू लागला.