जागची न हलवायची गाडी

मांजरसुंब्याला आसारामचं दुकान आहे, टँकर आणि ट्रकच्या एअर ब्रेकचं. हवा कुठून निसटते ते तो नुसतं कान लावून सांगतो. म्हणून तर त्या सकाळी गावच्या दूध संस्थेच्या चेअरमन मोहनरावांनी त्यालाच फोन केला, की गाडी कालपासून बसलीय, असशील तसा ये. पुण्याहून आणलेल्या त्यांच्या मोठ्या गाडीला स्प्रिंगच्या पाट्यांच्या जागी हवेचे रबरी फुगे आहेत. फुग्यातली हवा गेली की गाडी बसकण मारते. आसाराम म्हणाला, क्रेनवर घालून दुकानात पाठवा, इथं खड्डा आहे, खालून सगळं नीट दिसतं. तर मोहनराव फोनवरच खवळले. गाडी जागची हलवायची नाही, घरी येऊनच काय ते कर, म्हणाले.

आता घाई कसली, सांगा. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी येणारच होता. फिरायला दारात जीप उभी होती. पण चेअरमनचं बोलावणं, आणि गावही आपलंच, म्हणून आसारामनं जॅक, पाने, हवेच्या पाइपाचा तुकडा आणि पाण्याची बाटली पिशवीत घातली आणि मोटारसायकलला किक मारली.

गावच्या चौकात घागरींची रांग लागली होती. रांगेत त्याची बायको भिवराबाई होती, पहाटेपासून. दूध संस्थेचा टँकर आता पाण्यावर होता. चारा संपला, जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, तेव्हा संस्थेनं टँकर धुऊन गावाला रोज पाण्याच्या दोन खेपा सुरू केल्या. महिनाभर आल्यासुद्धा. मग एकच यायला लागली, आणि आता तीही तीन दिवसांपासून नव्हती. टँकर भरायची विहीर आटली, मी काय करू, असं मोहनराव हात वर करून सांगायचे. आसारामच्या घरात दोन घागरी उरल्या होत्या. आज टँकर आला नाही तर त्याच्या म्हाताऱ्या आईला घेऊन भिवराबाई माहेरी जाणार, असं ठरलं होतं. अकरा वर्षं आसारामनं संस्थेला दूध घातलं होतं, आणि त्याच्याच घरावर ही पाळी.

चौकासमोरच्याच बंगल्यात केसरबाईंनी, मोहनरावांच्या बायकोनं, चहा दिला. पाणी दिलं नाही. घरी आलेल्या माणसाच्या हातात आधी तांब्या द्यायचा ही आपली रीत, पण दुष्काळानं रीतीही खाल्ल्या होत्या. केसरबाईंनीच हात जोडले. म्हणाल्या, भाऊ, कालपासून घरात थेंब न्हाई, वाईट वाटून घेऊ नका. त्यांचे ओठ खरंच सुकले होते. आसारामला उगाच त्यांची कीव आली.

गाडी पोर्चमध्ये होती. मागचं अंग असं खाली गेलेलं की चाकं मडगार्डमध्ये रुतलेली. ढकलली तरी रबर पत्र्याला घासून अडायची. आसारामनं आधी फ्यूज बघितला, चांगला होता. चावी फिरवली तर हवेचा पंप घूं घूं करत चालला, पण गाडी बोटभरही उचलेना. म्हणजे पंप हवा देत होता आणि ती वाटेतच कुठंतरी जात होती. हवेच्या गाडीखाली नुसतं शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यानं जॅक लावला, खाली लाकडी ओंडके सारले आणि मग पाठीवर सरकत आत गेला. मोहनराव डोक्याशी उभे. इकडं कशाला जातो, तिकडं बघ, असं सारखं चाललेलं. एवढ्या उन्हात हा माणूस सावली सोडून पहारा का देतोय, हे काही आसारामला उमगेना.

हवा बारीक निसटत होती, कानाला नुसती कुणकुण. अशा वेळी साबणाचं पाणी लागतं. जिथं फेसाला बुडबुडे येतात तिथं भोक. त्यानं अर्धा मग पाणी मागितलं. केसरबाईंनी पुन्हा हात जोडले. मग काय करतो. त्यानं स्वतःची बाटली काढली. सकाळी भिवराबाईनं घागर तिरपी करून ती भरली होती. त्या पिण्याच्या पाण्यात साबणाचा तुकडा कालवला आणि पाइपांवर शिंपडलं. उजव्या फुग्याच्या नटाशी भराभर बुडबुडे आले. तडकलेला पाइप. कापून नवा बसवायचा, दहा मिनिटांचं काम.

पण फेस ओघळून खाली ठिबकला, आणि आसारामला आवाज आला. टपक. क्षणभरानं दुसरा, खोलवर, घुमलेला. पाण्यावर पाणी पडल्याचा आवाज.

त्यानं मान वळवली. पाठीखालची धूळ हातानं सारली, तर लोखंडी झाकण, कडेला बारीक फट, भोवती नवं सिमेंट. झाकणाच्या कडेला एक हातानं कापलेला रबरी वायसर पडला होता. तो त्यानं उचलला, आणि त्याची तळपायाची आग मस्तकात गेली. तो वायसर त्यानंच मागच्या महिन्यात ट्रॅक्टरच्या ट्यूबमधून कापून संस्थेच्या टँकरला बसवला होता.

सगळं एका दमात कळलं. गावाचा टँकर इथंच रिकामा होत होता. पाण्याची मोटार लावली तर आवाज होतो म्हणून हे लोक गाडी जरा पुढं घ्यायचे, झाकण उघडायचे, बादलीनं पाणी काढायचे आणि गाडी परत झाकणावर उभी करायचे. गाडी बसली ती नेमकी झाकणावरच. मग केसरबाई खोटं बोलत नव्हत्या, घरात थेंब नव्हता. गावाचं पाणी पायाखाली होतं आणि यांना उपसता येत नव्हतं, म्हणून ही घाई. चौकात बायका उन्हात तडफडतायत आणि हा गृहस्थ त्याच पाण्यावर गाडी लावून विहीर आटल्याचं रडगाणं गातोय. वा रे चेअरमन. आसारामला तिथंच उठून त्याची गचांडी धरावीशी वाटली, पण गाडीखाली पडलेल्या माणसाला तेही जमत नाही. त्यानं वायसर खिशात घातला, पाइप कापून नवा बसवला, नट आवळला. पंप चालू केला. गाडी हळूहळू वर आली.

मोहनरावांचा चेहरा खुलला. झालं, निघ आता, म्हणाले.

“चालवल्याबिगर सांगता येत न्हाई,” आसाराम कपडे झटकत म्हणाला. “पुन्हा हितंच बसली तर मी जिम्मेदार न्हाई.”

पुन्हा इथंच, हे मोहनरावांना बरोबर लागलं. नाइलाजानं त्यांनी चावी दिली. गाडी झाकणावरून सरकली तशी त्यांनी लगबगीनं ओट्यावरची सतरंजी ओढून झाकणावर अंथरली.

आसारामनं गाडी फाटकात नेली. ऊस वाहणारे ट्रॅक्टर आत यावेत म्हणून केलेलं ते रुंद फाटक. बरोबर मधोमध, फाटकाची दारं लागूच नयेत अशी, त्यानं ती उभी केली. चावी खिशात टाकली, खाली वाकला आणि आत्ताच आवळलेला नट सोडला. फुस्स करून मागचं अंग जमिनीला टेकलं. मग त्यानं चौकाकडं तोंड केलं.

“भिवरा, घागर घेऊन आत ये. समद्या या. पाणी हाय.”

बायका गाडीच्या दोन्ही बाजूंनी आत आल्या. आसारामनं सतरंजी उचलली, झाकण बाजूला केलं. खाली हौदभर पाणी चमकत होतं. दोर केसरबाईंनीच आणून दिला, मान खाली घालून.

मोहनराव फाटकाजवळ गाडीला हात लावून उभे होते. म्हणाले, “आसाराम, गाडी उचल की. मिटवून टाकू आपण.”

आसारामनं खिशातला वायसर काढून गाडीच्या टपावर ठेवला.

पहिली बादली भिवराबाईनं ओढली. कट्ट्यावरचा तांब्या विसळून भरला आणि सगळ्यांच्या आधी मोहनरावांपुढं धरला.

“घ्या, चेअरमनसाहेब. संस्थेचं पाणी हाय.”

मोहनरावांनी हात पुढं केला नाही. तिनं तांब्या नवऱ्याला दिला. बाटलीतलं पाणी साबणात गेल्यापासून त्याच्या घशाला कोरड पडली होती. आसारामनं तो तिथंच, फाटकात उभ्यानं, गटागटा रिकामा केला.