हरवलेले दोन व्होल्ट

मित्रांनो, कल्पना करा, तुमच्या पोटाला काचेची खिडकी आहे आणि आत एक बारीक काटा आहे. वीज अंगातून गेली की तो थरथरत उठतो आणि आकडा दाखवतो. मी तसाच आहे. मी एक जुना, काट्याचा मीटर आहे.

कारखान्यात एका बाईंनी श्वास रोखून, चिमट्याने माझी केसाएवढी स्प्रिंग बसवली. पुढे वीस वर्षं मी रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात राबलो. "आपला मीटर म्हणजे सोनाराचा काटा!" असं दुकानदार मामा गिऱ्हाइकांना सांगायचे. मग चमकत्या आकड्यांचा नवा मीटर आला आणि मी फळीवर धूळ खात पडलो.

एका दुपारी त्या नव्याचा सेल संपला, म्हणून मला खाली काढलं. समोर एक शिक्षिका बसल्या होत्या. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांना फक्त कुजबुजता यायचं. गळ्यात अडकवायची, आवाज मोठा करणारी पेटी हाच त्यांचा आवाज, आणि ती पेटीच घोगरी झाली होती. उद्यापासून त्यांना पुन्हा वर्गावर जायचं होतं.

"आज होईल ना?" त्या कुजबुजल्या.

"बघतो," मामाही कुजबुजले.

शेजारी वही घेऊन बसलेली मामांची भाची खुदकन हसली. "मामा, घसा त्यांचा बसलाय, तुझा नाही!"

मामांनी ट्रान्झिस्टर दोनदा बदलला. फरक शून्य. मग पेटी चालू ठेवून त्यांनी मोजायला घेतलं. बॅटरी नऊ व्होल्ट. वरच्या रेझिस्टरवर चार, ट्रान्झिस्टरवर दोन, खालच्या रेझिस्टरवर एक.

"सातच? म्हाताऱ्याची नजर गेली. टाक याला भंगारात!"

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल!

"थांब ना मामा. बॅटरीचे नऊ यानेच दाखवले. तेवढ्यात आंधळा झाला? तूच सांगतोस, बॅटरी देईल तेवढे व्होल्ट विजेची फेरी पुरी होईपर्यंत खर्च झालेच पाहिजेत. मग दोन कुणी खाल्ले?"

"अगं, आता उरलाय फक्त स्विच. चालू स्विचवर शून्यच येतं. त्यात मोजायचं काय?"

"न मोजताच शून्य?"

तिने माझी दोन्ही टोकं स्विचच्या पायांना लावली. माझा काटा उठला आणि बरोबर दोनावर जाऊन ठाम उभा राहिला! स्विचच्या आत गंज चढला होता, तोच वीज अडवत होता. चार, दोन, एक आणि हे दोन: नऊच्या नऊ!

नवा स्विच बसला. शिक्षिकाबाईंनी पेटी गळ्यात घातली. "मुलांनो, वह्या काढा!" आवाज असा खणखणीत घुमला की रस्त्याने जाणारा सायकलवालासुद्धा थांबला. मामांनी हसत कान झाकले, मग खिशातला रुमाल काढून माझी काच पुसली.

मित्रांनो, हिशेब जुळला नाही तर जुन्यावर खापर फोडू नका. आधी जिथे कुणी मोजलं नाही तिथे मोजा. आणि आम्हा म्हाताऱ्यांवर अधूनमधून फडकं फिरवत जा.

भाचीने मात्र पेटी परत मागून घेतली. माझी दोन्ही टोकं मामांच्या हातात दिली, वहीचं कोरं पान उघडलं आणि म्हणाली, "आता नव्या स्विचसकट सगळं तू मोज मामा, बेरीज मी करते."