कोंडा मी टाकायला लावला

चंद्रपूरजवळच्या मूल गावच्या मैदानावर दर डिसेंबरात मोटारसायकलींची रेस व्हायची. एरवी लोक धुळीपायी नाकाला रुमाल बांधून येत, पण अठ्ठ्याण्णव साली छत्र्या घेऊन आले. सकाळी दहाची रेस अवकाळी पावसाने लांबत गेली. आयोजक लच्छूभाऊ दर अर्ध्या तासाने भोंग्यावरून सांगत, "अजून अर्धा तास."

मी आरिफ, गॅरेजवाला. गाडी मी बनवलेली, चालवणार माझा दोस्त प्रणित. त्याला बघायला नागपूरच्या एका टीमचा मॅनेजर आला होता. त्यांना एकच नवा रायडर घ्यायचा होता आणि चार वाजता मॅनेजर परत निघणार होता. दोन वर्षं मी या दिवसाची वाट पाहत होतो. मी पाहत होतो, प्रणित नाही, आणि एवढी साधी गोष्ट मला तेव्हा कळली नाही.

तीनला पाऊस थांबला. लच्छूभाऊ ट्रॅकवर गेले आणि चिखलात रुतलेली चप्पल हातात घेऊन परत आले.

"रद्द करतो," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी घेऊ."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं माझं झालं होतं. मी म्हणालो, "भाऊ, समोर राइस मिल आहे. धानाचा कोंडा टाकू."

पावसात हमाल घसरू नयेत म्हणून मिलच्या आवारात कोंडा पसरतात, हे मूलमधलं शेंबडं पोरही जाणतं. पण हमाल पोतं घेऊन चालतो आणि गाडी साठच्या वेगाने येते. हा फरक माझ्यासारख्या मेकॅनिकला कुणी सांगायला हवा होता का?

दोन ट्रॉल्या आल्या. वीस मिनिटांत ट्रॅक पिवळाधमक झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, लच्छूभाऊंनी माझी पाठ थोपटली. प्रणितने मात्र वळणावर जाऊन बुटाने दाबून पाहिलं.

"आरिफ, वरून सुकं दिसून राह्यलं, खाली चिखलच आहे. राहू दे ना बे. मी पुढच्या रविवारी धावतो."

"पुढच्या रविवारी तुले पाहाले कोण येते? दोन साल मी गाडीवर खपून राह्यलो, अन् तू आता भेऊन राह्यला?"

त्याने हेल्मेट घातलं आणि हनुवटी वर केली. नेहमीसारखा त्याचा पट्टा मीच लावला.

तिसऱ्या फेरीत तो सगळ्यांच्या पुढे होता. मी ट्रॅककडे नाही, मॅनेजरच्या तोंडाकडे पाहत होतो. एकदम लोक ओरडले. वळणावर कोंड्याखाली चाकोरी लपली होती. तिच्यात पुढचं चाक गेलं आणि प्रणित पडला. मागच्याला गाडी आवरली नाही. मी पोचलो तेव्हा त्याच्या तोंडावर कोंडा चिकटला होता. मी तो पुसत राहिलो. मॅनेजरच्याच जीपमध्ये त्याला चंद्रपूरला न्यायला निघालो, पण चंद्रपूर यायच्या आत तो गेला.

तिसऱ्या दिवशी त्याची आई, धुरपताबाई, माझ्याजवळ येऊन बसली.

"आरिफ, तू तं त्याले अडवलं असशीन ना?"

तिथे लच्छूभाऊ नव्हते, कुणीच नव्हतं. खरं बोलायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी म्हणालो, "अडवलं, काकी. आयकला नाई."

तिने मान हलवली. माझ्यावर तिचा पूर्ण विश्वास बसला. मला स्वतःची किळस आली, तरी मी शब्द मागे घेतला नाही. तो भ्याला होता आणि त्याचं बरोबर होतं, एवढंच सांगायचं होतं.

याला दहा वर्षं झाली. दर दिवाळीला ती मला जेवायला बोलावते. माझ्या ताटात भात वाढते, वर तूप घालते आणि भिंतीवरच्या फोटोला रागावते, "दोस्ताचं आयकलं असतं, तं आज याच्या बाजूले बसून जेवला असता."

मी मान खाली घालून जेवतो.