बिनमुदतीचा नवस

"हात तरी लावून पाहा ना मॅडम, काही होत नाही," असं म्हणत धम्मदीपने खोक्यातली चौकट अलगद जेवणाच्या टेबलावर ठेवली.

यमुताईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

शाळेच्या पाटीएवढी चौकट. आत उभ्याआडव्या तांब्याच्या बारीक तारा, आणि तार तारेला जिथे भेटेल तिथे एकेक काळी कडी ओवलेली, मोहरीहून लहान. साठ वर्षांपूर्वी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत चार-पाच जणांनी मिळून खोलीभर पसरेल एवढा संगणक बांधला होता, त्याची ही स्मरणशक्ती. तारा कुठून कशा न्यायच्या याची आखणी यमुताईंची. पहिली चौकट ओवलीही त्यांनीच. कारागिराचे हात जाड पडत, आणि यांना लहानपणापासून देवाला मोगऱ्याच्या कळ्यांचे हार करायची सवय.

"या कोपऱ्यात लाल दोरा बांधला आहे," धम्मदीप वाकून दाखवू लागला. चाळिशीचा माणूस, नागपूरच्याच एका कॉलेजात संगणक शिकवणारा. कॉलेजच्या नव्या संग्रहालयासाठी त्याने ही चौकट मुंबईहून मिळवून आणली होती. "हा कशाचा, कोणीच सांगत नाही. मले वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

यमुताईंना माहीत होतं. खंडेनवमीला जो तो आपापलं अवजार पुजतो. तेव्हा साहेब रजेवर गेलेले पाहून त्यांनी हळूच हळदकुंकू वाहिलं होतं आणि दोरा बांधला होता. साहेबांना कळलं तेव्हा ते हसले होते, पण दोरा सोडू दिला नव्हता त्यांनी. हे सगळं यमुताईंच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं.

"चहा घ्या तुम्ही," त्या म्हणाल्या.

"आई, चहा काय चहा!" सोफ्यावरून उन्मेष उसळला. यमुताईंचा एकुलता एक मुलगा, एकसष्टीचा, नुकतीच उन्हाळ्यात हृदयात स्प्रिंग बसवून घेतलेला. "तो माणूस आठ दिवसांपासून तुझा पत्ता शोधून राहिला आणि तू त्याला चहा पाजून कटवते!"

धम्मदीपने एक फोटो पुढे केला. टाय लावलेले पाच पुरुष आणि कडेला एक किरकोळ मुलगी, पांढऱ्या साडीत, दोन वेण्या घातलेली.

"ह्या तुम्हीच ना?"

"म्हणजे काय? नाक पाहा ना बाप्पा!" उन्मेष म्हणाला. "आईच आहे ती. आमचे बाबा नेहमी सांगायचे, यमूनं मशीनचं डोकं केलं म्हणून. आमच्या आजीनं घरी बसवलं हिला, नाहीतर आज कुठच्या कुठे असती!"

सासूबाईंनी काही बसवलं नव्हतं. उलट त्याच म्हणाल्या होत्या, पोर मी पाहते, तू जा मुंबईला. भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे यमुताईंची नजर गेली. पण सासूबाईंची बाजू घ्यायची तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं.

"उन्मेषभाऊ, तुमच्या सांगण्यावरून मले लिहिता येत नाही," धम्मदीप अवघडून म्हणाला. "संस्थेच्या जुन्या कागदात सगळ्यांची कामं आहेत, ह्यांचं नाही. तिथले लोक म्हणतात, टायपिस्ट असेल. मॅडमनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं की हे मी केलं, तर आमची कमिटी मानते. फोटोखालची पाटी आज संध्याकाळी छापायला द्यायची आहे, उद्या उद्घाटन." त्याने खोका बंद केला. "मी गांधीबागेत चाललो, पेटीत अंथरायला मखमल घ्याची आहे. चार वाजता परत येतो. विचार करून ठेवा मॅडम."

साठ वर्षांत त्यांना कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. तो गेल्यावर बराच वेळ त्या खुर्चीतून उठल्याच नाहीत.

चातुर्मासात जेवताना मौन, हा यमुताईंचा नेम. उन्मेषच्या ते पथ्यावर पडलं. सून पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, तेव्हा टेबलाशी हे दोघंच. भाताची मूद फोडल्यापासून त्याचं सुरू झालं.

"तुला कळते का, तू काय करून राहिली ते? लोक न केलेलं सांगत फिरतात गावभर! आणि तू? मोबाईलला हात लावत नाहीस. टीव्हीचा रिमोट मी दाबायचा. लिफ्टचं बटण मीराबाईंनी दाबायचं. लोकांना वाटते म्हातारी अडाणी आहे. मले राग येतो आई, तुला नाही येत?"

यमुताईंनी ताटातली लिंबाची फोड बोटाने जरा सरकवली आणि वरण कालवलं.

"बोल ना! काहून बोलत नाहीस? ...हो, मौन." त्याने कपाळावर हात मारला आणि स्वतःच हसला. हसताना त्याचा डावा हात छातीशी गेला, सवयीने. यमुताईंचा घास तिथेच थांबला. तो पुन्हा जेवू लागला, तेव्हा त्यांनी गिळला.

हाच उन्मेष अकरा महिन्यांचा होता. घटसर्प झाला. मुंबईला तार आली आणि यमुताई होत्या त्या साडीनिशी गाडीत बसल्या. डॉक्टरांनी आशा सोडली होती. पोराचा श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजत होता. तशात त्या एकट्याच टांगा करून कोराडीला गेल्या आणि देवीसमोर पदर पसरला. लोक वांगं सोडतात, भात सोडतात, साखर सोडतात. सोडायचं ते आवडीचं सोडावं, अशी रीत. यमुताईंना खाण्यापिण्यात कधीच काही आवडीचं नव्हतं. आवडीचं एकच होतं. ‘आई, एवढा वाचू दे. मी त्या यंत्राला पुन्हा हात लावणार नाही, त्याचं नाव तोंडात आणणार नाही.’

पोर वाचलं. नोकरीचा राजीनामा पोस्टाने गेला.

पुढे कधीतरी सासूबाई सहज म्हणाल्या होत्या, नवस बोलताना नेहमी मुदत घालावी गं, मुंज होईपर्यंत, लग्न होईपर्यंत, नाहीतर बाई जन्माची अडकते. तेव्हा यमुताई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. लाटणं हातातच राहिलं. यंत्राला आज्ञा लिहून देताना शेवटची आज्ञा ‘थांब’ अशी द्यावी लागते, ती विसरली तर ते बिचारं फिरतच राहतं. नव्याने शिकायला आलेल्यांना हे सांगणाऱ्या यमुताईच. आणि देवीसमोर नेमकी तीच विसरल्या.

तेव्हा त्याचं इतकं काही वाटलंही नाही. असली यंत्रं साऱ्या देशात इनमिन दोन-चार. हत्तीवर बसणार नाही असं म्हणण्यासारखंच ते. नागपुरात हत्ती येतो कशाला? पण आला. आधी बँकेत आला, मग रेल्वेच्या तिकिटाच्या खिडकीत, मग फोनमध्ये, कपडे धुवायच्या मशीनमध्ये, लिफ्टमध्ये. दुसरी कोणी असती तर हे यंत्र वेगळं नि ते वेगळं म्हणून सुटली असती. पण या सगळ्यांच्या पोटात काय आहे ते यमुताईंना ठाऊक होतं. त्या एकेकापासून हात मागे घेत गेल्या. जुनी लिफ्ट काढून आकडे उजळणारी नवी बसवली, तेव्हापासून चौथ्या मजल्यावरून एकट्याने खाली उतरणं संपलं. गुडघ्यांनी जिना कधीच बंद केला होता.

उन्मेष गोळ्या घेऊन आपल्या खोलीत आडवा झाला, तशी यमुताईंनी मीराबाईंना हाक मारली. मीराबाई जरीपटक्याहून यायच्या. दिवसभर यमुताईंच्या सोबतीला.

"भैय्याजींना फोन लावून द्या. आणि माझ्या कानाशी धरा."

"घ्या ना हातात."

"कानाशी धरा." कानाला लागलं म्हणजे हात लावला असं होत नाही, एवढी सवलत त्यांनी देवीकडून कधीचीच मागून घेतली होती.

भैय्याजी घरचे पुरोहित. त्यांचा आवाज मुळातच असा, की खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जावा.

"बोला काकू! वाती पुरल्या का? पाठवू अजून कापूस?"

"कापूस आहे. एक विचारायचं होतं." यमुताईंनी उन्मेषच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी लहान केला. "काही सोडायचा नवस असेल... आणि बोलताना मुदत घातली नसेल... तर त्याचं उद्यापन असतं का हो?"

"असते ना! काहून नाही? देव काय सावकार आहे का? होम करू, देवीची ओटी भरू, एका दिवसाचं काम. सोडलेलं पुन्हा धरता येते. काय सोडलं होतं तुम्ही, दही?"

यमुताईंचा श्वास खरोखर मोकळा झाला. साठ वर्षांत हे कोणाला विचारलं कसं नाही? त्यांच्या डोळ्यांसमोर तो लाल दोरा आला. संध्याकाळी त्या धम्मदीपला सांगतील, चार दिवस थांब बाबा, पाटी मागाहून लाव, पण लाव. सगळं सांगते, कुठली तार कुठून नेली तेसुद्धा.

"फक्त एक आहे काकू," भैय्याजी म्हणाले. "ज्याच्यासाठी बोललात, त्याले पाटावर बसवावं लागते. आणि संकल्प त्याच्यासमोर मोठ्यानं सांगाचा, की तुझ्यासाठी मी अमुक सोडलं होतं, आजपासून घेते. त्यानं ‘घे’ म्हणाचं. तो ‘घे’ म्हणत नाही तोवर सुटका नाही. आहे ना तो माणूस? म्हणजे... हयात?"

"आहे."

"मग झालं! दिवस काढू का?"

"मग सांगते," यमुताई म्हणाल्या.

मीराबाईंनी फोन खाली ठेवला. त्यांनी सगळंच ऐकलं होतं, आणि त्या काही बावळट नव्हत्या. सकाळचा खोकाही त्यांनी पाहिला होता.

"भाऊसाठी बोलल्या होत्या?"

यमुताई वातींचा कापूस ओढू लागल्या.

"माह्या मायनं छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून आमच्या घरी नवस-फिवस बंद," मीराबाई खाली बसत म्हणाल्या. "पर दिला शब्द पाळा लागते, हे आमच्यातबी हाये. माय शब्दाची लय पक्की होती. ते मले समजते. हे नाही समजत. भाऊ ‘घे’ म्हनन, येका मिनटात म्हनन. सांगून टाका ना जी. तो काय रागावनार हाये?"

"रागावणार नाही. म्हणून तर सांगत नाही."

"म्हंजे?"

"आता तो मला रागावतो ना मीराबाई. भांडतो, ओरडतो, बावळट म्हणतो. ते बरं आहे हो. हे कळलं की तो भांडायचा थांबेल. माझ्याकडे पाहील तेव्हा प्रत्येक वेळी त्याला तेच दिसेल." कापूस तुटला. त्यांनी तो पुन्हा पिळला. "त्यानं कधी मागितलं होतं माझ्याजवळ? अकरा महिन्यांचं लेकरू ते."

वर्धा रोडवरून मेट्रो गेली, तिचा हलका आवाज खिडकीशी येऊन विरला.

"आन आताच तर छातीचं दुखनं झालं त्याले," थोड्या वेळाने मीराबाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि उठून चहा ठेवायला गेल्या.

धम्मदीप चारच्या जरा आधीच आला. काखेत काळ्या मखमलीची गुंडाळी. उन्मेष अजून झोपलेला पाहून त्याने आवाज खाली आणला.

"मॅडम, आता कोणी नाही. मी रेकॉर्डिंगबी करत नाही. फक्त हो म्हणा. मान हलवली तरी चालते."

यमुताईंनी त्याच्याकडे पाहिलं. भला माणूस होता. कपाळावर घाम होता, उन्हातून गांधीबागेत फिरून आलेला. कोणाला कळणारही नव्हतं. मान म्हणजे हात नव्हे, तोंडही नव्हे. भिंतीपलीकडे उन्मेषच्या खोलीतला पंखा कुरकुरत होता. त्यांनी मान हलवली नाही. ती हलू नये म्हणून मानेचा ताठा त्यांना खांद्यापर्यंत जाणवला.

"पाटीवर काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

धम्मदीपने खिशातून कागद काढला. साहेबांचं नाव, मग क्रमाने चौघांची. प्रत्येकाच्या पुढे त्याचं काम. स्मृतीची रचना कोणाची, तर तिसऱ्या क्रमांकाच्या माणसाची. तो चांगला होता, वीजपुरवठा पाहायचा. मग शेवटची ओळ धम्मदीपने अडखळत वाचली.

"‘उजवीकडे उभ्या असलेल्या महिलेची ओळख पटू शकली नाही.’"

"हं."

"असंच छापू?"

यमुताई खुर्चीच्या दांड्यांना धरून उठल्या. उठायला वेळ लागला. धम्मदीप हात द्यायला पुढे झाला, पण तोवर त्या उभ्या राहिल्या होत्या.

"छापा," त्या म्हणाल्या. "अक्षर मोठं ठेवा. म्हाताऱ्या माणसांना वाचता यावं."

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग वाकून त्यांच्या पाया पडला. हे यमुताईंना अगदी अनपेक्षित होतं. मीराबाई त्याला दारापर्यंत सोडायला गेल्या. बाहेर लिफ्टचं दार उघडलं नि मिटलं.

यमुताई वॉकर सरकवत उन्मेषच्या खोलीशी आल्या. दार अर्धवट लोटलेलं होतं. तो उताणा झोपला होता, तोंड किंचित उघडं, पंचा छातीपर्यंत ओढलेला. घोरत नव्हता. नेहमी घोरायचा. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. पंखा फिरत होता, त्यामुळे पंच्याची किनार नुसती वाऱ्याने हलते आहे की काय, ते कळेना. त्यांनी हात लांब करून भिंतीवरचं जुनं साधं काळं बटण खटकन वर केलं. पंखा फिरत फिरत हळू झाला. मग थांबला.

खोली शांत झाली. पंचा वर आला, खाली गेला. पुन्हा वर आला.

"आई?" उन्मेष डोळे न उघडता कुरकुरला. "पंखा काहून बंद केला गं? उकडते ना."

"करते हो चालू," यमुताई म्हणाल्या. पण त्या आणखी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.