टाकी भरलेली होती

चढावर इंजिन आवळलं तेव्हा ताईला आधी वाटलं, साखळीच तुटली. मागचं चाक जागच्या जागी थांबलं, गाडी आडवी घसरली. बोटं वेळेवर क्लचवर पोचली म्हणून ती रस्त्याच्या कठड्याला घासून थांबली, नाहीतर हाडं गोळा करायची वेळ होती. किक मारायला गेली तर किक दगडासारखी. सवयीने तिने सीटखाली हात घातला, तेलाच्या टाकीपासून पंपाकडे जाणारी नळी चाचपली, आणि बोटांना पितळ लागलं. नळीच्या मधोमध एक छोटा कॉक, तेल अडवायची चावी. बंद.

हा कॉक तिने बसवलेला नव्हता.

गाडी म्हणजे वडिलांची, अण्णांची मोटरसायकल, ताईच्या वयापेक्षा जुनी. तिचं तेल बाहेरच्या टाकीत राहतं. पंप ते इंजिनात ढकलतो आणि परत टाकीत आणून सोडतो. पण गाडी बरेच दिवस उभी राहिली की म्हाताऱ्या पंपाच्या फटींतून तेल गुपचूप खाली उतरतं आणि इंजिनाच्या तळाशी साचतं. मग किक मारली की धुराचे लोट आणि फरशीवर थारोळं. अण्णांना पक्षाघात झाल्यापासून गाडीचं सगळं ताईच बघायची. दिवसभर छापखान्यातल्या यंत्रांशी झटापट, आणि घरी आली की पुन्हा शेडमध्ये पालथी. मागच्या महिन्यात तिने पंप खोलून त्यातली तेल अडवणारी झिजलेली गोळी बदलली, नवी स्प्रिंग घातली, गोळीची बैठक घासून घेतली. आणि आज झाकण काढून पाहते तर टाकी काठोकाठ! ती इतकी हरखली, की सुरू केल्यावर टाकीत तेल परततंय का हे बघायचंच राहिलं. अण्णांनी कान धरून शिकवलेली पहिली गोष्ट. ते आठवून तिचा संताप दुप्पट झाला, आणि स्वतःवर चिडून भागत नाही म्हणून तो सगळा धाकट्या भावाच्या नावावर जमा झाला. सुट्टीला आल्यापासून बुटांना तेल लागतंय म्हणून तोच तर कुरकुरत होता.

गाडी ढकलत ती फाटकात शिरली तेव्हा धाकटा पायरीवर बसून केळं खात होता.

"दीडशहाण्या, कोणी सांगितलं होतं तुला कॉक बसवायला?"

"कसला कॉक?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस! मेले असते मी आज. इंजिन कोरडं फिरलं, पिस्टन चिकटला!"

"ताई, मला साधा पाना धरता येत नाही. हे तूच चारचौघांत सांगत असतेस."

"पाना धरता येत नाही, पण नको तिथे नाक खुपसता येतं!"

आई हात पुसत बाहेर आली. "अगं, हळू बोल. आत अण्णा आहेत."

गेले आठ महिने या घरात हेच चाललं होतं. हळू बोल, अण्णा आहेत. हसू नका, अण्णा आहेत. ताईने हेल्मेट फेकलं, ते गडगडत कुंडीवर आदळलं. "नाही बोलणार हळू!"

तेवढ्यात काठीचा आवाज आला. अण्णा दारात उभे होते. उजवा हात लोंबत होता. डाव्या हाताने त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि छातीवर बोट ठेवलं.

"मी."

"तुम्ही काय?"

"नळ." शब्द ओठांवर अडखळला. "मी... बसवला."

मग आईने तोंडावर हात नेला. "सकाळी नळ, नळ म्हणत होते. मी जाऊन मोरीतला नळ घट्ट केला."

"आणि मी यांना पाणी आणून दिलं," धाकटा म्हणाला.

आता ताईचा आवाज उतरेल, असं आईला वाटलं असावं. तो चढला.

"एका हाताने बसवलात? मला न विचारता? आणि बंद ठेवलात? अण्णा, अक्कल गहाण टाकली होती का? दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तुम्ही त्याला उभा सोलला असता! आणि माझा पंप? टाकी भरलेली राहिली ती माझ्या गोळीमुळे की तुमच्या कॉकमुळे, हे आता कोण सांगणार?"

"अगं, काय बोलतेस!" आई कळवळली.

पण अण्णांचा चेहरा लाल झाला होता. "टाकी... बघितली?" ते ओरडले. आजारपणानंतर त्यांचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. "परत... तेल... बघितलं?"

"नाही बघितलं!"

"गाढव!"

"तुम्ही महागाढव!"

धाकट्याला हसू फुटलं आणि दोघांनी एकदमच त्याला गप्प केलं.

इंजिन दुसऱ्या दिवशी उघडलं. पिस्टन लाकडाच्या ठोकळ्याने ठोकून काढावा लागला. सिलिंडरवर उभे ओरखडे होते, तो आतून घासून बोअर करून घेण्यावाचून इलाज नव्हता. ताई अण्णांशी चार शब्द बोलली, तेही तुटक. अण्णा मात्र रोज खुर्ची ओढत शेडमध्ये येऊन बसू लागले आणि तिच्या प्रत्येक कामात खोट काढू लागले. शब्द सापडला नाही की काठी आपटायचे. ती थांबून वाट बघायची, पण त्यांचं वाक्य पुरं करून द्यायची नाही. शब्द आला की मग भांडायची.

नवा पिस्टन बसवायच्या दिवशी तिने कॉक काढून कचऱ्यात टाकला. अण्णांनी तो काठीने उकरून बाहेर काढला.

"लागेल," ते म्हणाले.

"माझ्या गाडीला नाही."

"माझी... गाडी," अण्णा म्हणाले, आणि तिथून जे सुरू झालं ते जेवायला हाक मारून मारून आई थकली तरी संपलं नाही.