बिलावरचं नाव

"वहिनी, पैसे कमी आलेत," शाळेच्या व्हरांड्यात पाय ठेवताच भाऊजी म्हणाले.

वहिनींनी रंगाचा डबा खाली ठेवला. "कमी नाहीत, भाऊजी. कर कापून तुमच्या नावावर भरलाय. तुम्ही विवरणपत्र भरलंत की जास्तीचा परत मिळेल."

"दादानं कधी कापला नाही!"

"म्हणून तर गेल्या वर्षी दंड मी भरला. रंगकाम माझं, पण दारांच्या पॉलिशचा पोटठेका तुमचा. दुसऱ्याला ठेक्याचे पैसे दिले की कुणाला, किती, ते सरकारला कळवावंच लागतं."

"मी दुसरा?" भाऊजींचा आवाज चिरकला. "दादा गेला आणि मी परका झालो!"

ते तरातरा निघून गेले.

नवरा गेल्यावर वहिनींनी ठेकेदारी अंगावर घेतली, तेव्हा सगळे नातेवाईक चार हात लांब राहिले होते. पाठीशी उभे राहिले ते हे धाकटे दीरच. त्यांनाच दुखावलं याची वहिनींना रुखरुख लागली. पण त्यांना पैसे दिलेच नाहीत असं कागदावर दाखवायलाही मन धजेना.

दोन दिवस भाऊजी फिरकले नाहीत. शाळा उघडायला आली होती. शेवटी वहिनींनी कंबर कसली आणि पॉलिश पेपर घेऊन स्वतःच दारं घासायला बसल्या.

"आडवं घासताय. ओरखडे पडतील." मागे भाऊजी उभे होते.

"सरळ घासणारा रुसून बसलाय, मी काय करू?"

भाऊजी हसू दाबत शेजारी बसले. "कर कार्यालयात गेलो होतो. तुमची तक्रार करायला."

"मग?"

"तिथल्या बाईंनी संगणक माझ्याकडे वळवला. माझं नाव, पुढे रक्कम. म्हणाल्या, काय करता? म्हटलं, आधी भावाच्या हाताखाली होतो, आता वहिनीच्या. तर म्हणतात, इथे ठेकेदार दिसतंय." त्यांनी दारावरून हात फिरवला. "इतकी वर्षं पॉलिश करतोय, वहिनी. पण कुठल्याच कागदावर मी नव्हतो."

"यांचा फार जीव होता तुमच्यावर."

"होता ना. लिहायचं तेवढं राहून गेलं."

मग वहिनींनी पिशवीतून कोरं बिल काढून पुढे केलं. "उरलेल्या दारांचं. आता तुम्हीच लिहा."

"वर काय लिहू?"

"तुमचं नाव."

भाऊजींनी हात पँटला पुसले, पेन घेतलं. मग पेन खाली ठेवून हात आणखी एकदा पुसले.